डेनालीवरचे विमान : दोन दिवस थांबून केलेली एक फेरी

विमान कंपनीच्या आरक्षणाच्या अर्जात तिसराच प्रश्न वजनाचा होता, आणि तो प्रत्येक प्रवाशाला स्वतंत्रपणे विचारलेला होता. माझ्या पतींनी स्वतःचा आकडा लगेच सांगितला. माझा आकडा मी स्वतः टाइप केला आणि तो टाइप करताना थोडी काटकसर केली. या काटकसरीचे पुढे काय झाले ते ओघात येईलच. परंतु अलास्कातील डेनाली राष्ट्रीय उद्यान छोट्या विमानातून पाहण्याचा विचार जे करीत असतील, त्यांनी या प्रश्नाचे उत्तर खरे द्यावे, एवढे सुरुवातीलाच सांगून ठेवते.

आम्ही दोघे पुण्याचे. ह्यांचे वय ६४, माझे ५९. मुलगी सिअ‍ॅटलला असते. अमेरिकेचा व्हिसा हाताशी होता आणि २०२४ च्या उन्हाळ्यात तिच्याकडे दोन महिने राहायचे ठरले होते. त्यातले चार दिवस अलास्कासाठी काढावेत ही कल्पना ह्यांची. विमानातून उद्यान पाहावे ही गरज मात्र नकाशा पाहिल्यावर कळली. हे उद्यान १९१७ साली स्थापन झाले आणि १९८० साली वाढवण्यात आले. संरक्षित प्रदेशासह त्याचे क्षेत्रफळ आज साठ लाख एकरांच्या आसपास आहे, म्हणजे आपला गोवा त्यात सहा वेळा मावून वर जागा उरेल. एवढ्या प्रदेशात रस्ता एकच. त्यावर खासगी गाडी उन्हाळ्यात पहिले पंधरा मैलच नेता येते. पुढे उद्यानाच्या बसने जावे लागते. त्यातही ऑगस्ट २०२१ मध्ये प्रिटी रॉक्स येथे डोंगरउतार खचल्यामुळे त्रेचाळिसाव्या मैलापुढचा रस्ता बंद झालेला होता. शिवाय डेनाली हे मुख्य शिखर बहुतेक दिवस ढगात असते आणि जमिनीवरून येणाऱ्या तिघांतल्या एखाद्यालाच ते दिसते, असे तेथे सर्वजण सांगतात. ढगाच्या वर किंवा पलीकडे जायचे, तर विमान हाच मार्ग उरतो.

ही विमाने प्रामुख्याने टल्कीटना या गावातून उडतात. अँकरेजच्या उत्तरेला मोटारीने सव्वादोन ते अडीच तासांवर असलेले हे साधारण हजारभर वस्तीचे गाव डेनालीवर चढाई करणाऱ्यांचे प्रस्थानस्थान आहे. सहली दोन-तीन प्रकारच्या असतात. एक डोंगराच्या पायथ्याच्या हिमनद्यांवरून फिरवून आणणारी, दुसरी शिखराच्या उंचीपर्यंत नेणारी आणि प्राणवायूची नळी लावावी लागणारी. आणि या दोन्हींमध्ये जादा पैसे भरून हिमनदीवर उतरण्याची सोय घेता येते. ह्यांना रक्तदाबाची गोळी चालू असल्याने शिखराची फेरी आम्ही सोडून दिली आणि हिमनदीवर उतरणारी, एकूण सुमारे दीड तासाची फेरी निवडली. उद्यानाच्या हद्दीत हिमनदीवर विमान उतरवण्याचा परवाना मोजक्याच कंपन्यांना असतो, तेव्हा तो आहे की नाही हे संकेतस्थळावर पाहून मगच पैसे भरावेत.

पैसे भरणे हे मार्चमधले पहिले संकट ठरले. दर माणशी साडेचारशे डॉलरच्या घरात होता. आमच्या बँकेने तो व्यवहार संशयास्पद ठरवून कार्डच गोठवले. ग्राहक सेवेच्या तिसऱ्या फोनवर असे निष्पन्न झाले की अ‍ॅपमध्ये परदेशी व्यवहारांचे बटण बंद होते, आणि ते चालू केल्यावरही दैनंदिन मर्यादा वेगळी वाढवावी लागते. या दोन दिवसांत सकाळची वेळ भरून गेली व आम्हाला बुधवार, १२ जून रोजी साडेअकराची वेळ मिळाली. कंपनीच्या कार्यालयात दूरध्वनीवर बोललेल्या बाईंनी मात्र एक मोलाचा सल्ला दिला : उड्डाण मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी ठेवू नका, मागे किमान एक दिवस मोकळा राखा. आम्ही दोन रात्रींच्या तीन रात्री केल्या आणि परतीचे रेल्वे तिकीट शुक्रवार, १४ जूनचे काढले. हवामानामुळे कंपनीने उड्डाण रद्द केल्यास पूर्ण पैसे परत, उड्डाण झाले पण उतरता आले नाही तर उतरण्यापुरते पैसे परत, आणि आपण स्वतः तीन दिवसांच्या आत रद्द केल्यास काहीही परत नाही, अशा अटी होत्या. हे नियम कंपनीगणिक बदलतात, म्हणून ते छापून जवळ ठेवलेले बरे.

१० जूनला सिअ‍ॅटलहून साडेतीन तासांच्या विमानाने अँकरेजला पोहोचलो. मंगळवारी सकाळी सव्वाआठच्या सुमारास सुटणारी डेनाली स्टार ही गाडी पकडली आणि अकरा वाजता टल्कीटनाला उतरलो. गाडी भाड्याने घेणे स्वस्त पडले असते, परंतु उजव्या बाजूने वाहन चालवण्याचा प्रयोग ह्यांनी या वयात करू नये असे माझे मत होते आणि ते मान्य झाले. सामानात गुळाच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट होते. गावातले जेवण चांगले आहे पण महाग आहे, आणि शाकाहारी माणसाचा दुसऱ्या दिवशीच बटाट्यावर मुक्काम होतो. डासांचे मलम मात्र पुण्याहून आणलेले उपयोगी पडले नाही. तिथले डास मोठे आहेत आणि त्यांच्यासाठी तिथलेच औषध विकत घ्यावे लागते.

बुधवारी सकाळी साडेदहा वाजता, म्हणजे सांगितल्याप्रमाणे तासभर आधी, आम्ही काउंटरवर हजर झालो. प्रथम जोखमीची जाणीव असल्याचे जाहीर करणारा कागद वाचून सही करायची. त्यानंतर उद्यानाचे प्रवेशशुल्क माणशी पंधरा डॉलर; हे शुल्क केवळ हिमनदीवर उतरणाऱ्यांना लागते, कारण तेव्हाच आपण उद्यानात पाय ठेवतो. मुलीने तिचा वार्षिक पास आम्हाला दिला होता, परंतु पासधारक स्वतः बरोबर असल्याशिवाय तो चालत नाही, आणि ज्येष्ठांचा स्वस्त पास अमेरिकेचे नागरिक व तेथील कायम रहिवासी यांनाच मिळतो. दोन्ही गोष्टी काउंटरवरच्या मुलीने अत्यंत नम्रपणे समजावून सांगितल्या आणि तीस डॉलर घेतले.

मग वजनकाटा. अंगावरचे जाकीट, बूट, कॅमेरा आणि खांद्यावरची पिशवी, सर्वांसह त्यावर उभे राहायचे होते. काट्याचा आकडा आपल्या बाजूला दिसत नाही, तो फक्त काउंटरच्या आतल्या माणसाला दिसतो, ही त्यातल्या त्यात सभ्यता. त्या मुलीने पडद्यावर माझा मार्चमधला आकडा पाहिला, काट्याचा आकडा पाहिला, काहीही न बोलता जुना खोडून नवा लिहिला, आणि तिच्याजवळच्या दुसऱ्या कागदावर दोन नावांची अदलाबदल केली. छोट्या विमानात कोण कुठे बसणार हे वजनावर ठरते. त्या क्षणापासून आम्ही दोघे शेजारी बसणार नव्हतो, हे मला दुसऱ्या दिवशी कळले.

साडेअकरा वाजले, साडेबारा वाजले. गावावर ऊन होते, तरीही उड्डाण नव्हते. याचे कारण एका वयस्कर वैमानिकाने बाकावर बसून सांगितले, आणि ते ऐकल्यावर माझी चिडचिड संपली. गाव समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेतीनशे फुटांवर आहे, तर विमान उतरते ती हिमनदी साडेपाच हजार फुटांच्या वर. तिथे पातळ ढग असला की उजेड सगळीकडून सारखा येतो, बर्फावर सावली पडत नाही, आणि खालचा पृष्ठभाग दहा फुटांवर आहे की शंभर फुटांवर, हे अनुभवी डोळ्यालाही ओळखता येत नाही. अशा उजेडात उतरायचे नसते. दुपारी तीन वाजता उड्डाण रद्द झाल्याचे जाहीर झाले. पैसे परत हवेत की दुसऱ्या दिवशी प्रतीक्षेत नाव हवे, असे विचारण्यात आले. मागे दिवस राखलेला असल्यामुळे आम्ही नाव लिहवले. आमच्यासोबतच्या एका जोडप्याला त्याच संध्याकाळी अँकरेज गाठायचे होते. त्यांनी पैसे परत घेतले, आणि त्या बाईंचा चेहरा मला अजून आठवतो.

रिकामी दुपार आम्ही वनरक्षकांच्या केंद्रात काढली. चढाईला जाणाऱ्या प्रत्येकाला येथे नोंदणी करून सूचना ऐकाव्या लागतात, आणि परवान्यासाठी अर्ज साठ दिवस आधी करावा लागतो. केंद्राला वॉल्टर हार्पर यांचे नाव आहे. ७ जून १९१३ रोजी डेनालीच्या सर्वोच्च माथ्यावर पहिले पाऊल याच अथाबास्कन या तिथल्या मूळ रहिवासी समाजातल्या तरुणाने ठेवले. मोहिमेचे नेते हडसन स्टक व हॅरी कार्स्टेन्स आणि चौथे रॉबर्ट टेटम त्याच्या मागून पोहोचले. पर्वताची उंची २०,३१० फूट, म्हणजे ६,१९० मीटर. आकडा एव्हरेस्टपेक्षा पुष्कळ कमी आहे. परंतु पायथा इतका खाली आहे की डोळ्यांसमोर सुमारे अठरा हजार फूट उंचीचा डोंगर उभा राहतो. ह्यांना आवडलेली वस्तू मात्र वेगळीच होती. प्रत्येक गिर्यारोहकाला मानवी विष्ठा साठवण्यासाठी झाकणाचा एक डबा बरोबर नेऊन परत आणावा लागतो, तो डबा ह्यांनी उचलून, फिरवून, झाकण लावून पाहिला आणि आपल्याकडच्या गडांवर हा नियम कधी येईल याचा हिशेब मला रात्री जेवताना ऐकवला. गावाच्या दफनभूमीत पर्वतावर मरण पावलेल्यांचे स्मारक आहे. ते पाहायला मी उड्डाण होईपर्यंत साफ नकार दिला.

गुरुवार, १३ जून. सकाळी आठला फोन केला, दुपारी पुन्हा करा म्हणाले. दुपारी फोन केला, तेव्हा डोंगरावर आकाश उघडत असल्याचे, पण आधीच्या लोकांना अगोदर पाठवणार असल्याचे कळले. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे : जूनमध्ये तेथे सूर्य रात्री साडेअकराच्या पुढे मावळतो, त्यामुळे संध्याकाळची फेरी ही गैरसोय नाही. सहा वाजता फोन आला, पंधरा मिनिटांत या म्हणून. मी उलटी होऊ नये म्हणून गोळी घेतली. ती अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची असते, पण तेवढा वेळ नव्हता. तेथे बुटांवरून चढवायचे मोठे कापडी बूट देण्यात आले, ते गुडघ्यापर्यंत येतात आणि ते घालून चालताना प्रत्येकजण बदकासारखा दिसतो. काळा चष्मा मात्र आपला न्यावा लागतो. बर्फावर तो नसेल तर डोळे उघडता येत नाहीत.

विमान ऑटर जातीचे, कॅनडात बांधलेले, लाल रंगाचे. या जातीचे पहिले उड्डाण १९५१ साली झाले आणि १९६७ नंतर ती बनवणे बंद झाले, हे ह्यांनी मला सांगायला नको होते. इंजिन एकच. वैमानिकासह अकरा माणसे. चाकांना लागून लांब स्की बसवलेल्या होत्या आणि त्यांच्यातील खाचेतून चाके खाली डोकावत होती. कागद हातात घेऊन वैमानिकाने नावे पुकारली : ह्यांना पुढे, थेट त्याच्या शेजारी; मला अगदी मागे, डाव्या खिडकीशी. कानांवर हेडसेट चढवले. वैमानिकाचे बोलणे आम्हाला ऐकू येत होते, आम्हाला एकमेकांशी बोलता येत नव्हते. लग्नाला ३३ वर्षे झाल्यानंतर एवढा मोठा प्रसंग आम्ही एकमेकांशी एक शब्दही न बोलता पार पाडला.

उड्डाण झाले हे मला सावलीवरून कळले. गवतावरून आमच्यासोबत धावणारी विमानाची सावली अचानक मागे सरकून लहान झाली. खाली तीन नद्यांचा संगम होता. सुसिटना आणि चुलिटना यांचे पाणी हिमनद्यांनी दळलेल्या दगडाच्या पिठाने राखाडी झालेले असते, आणि पात्र वेणीसारखे अनेक पेडांत विणलेले दिसते. त्यापुढे काळपट सूचिपर्णी झाडी आणि मधूनमधून डबकी. वीसेक मिनिटांनी एक मैलोन्‌मैल पसरलेला दगडगोट्यांचा ढीग दिसू लागला, जणू कोणी खाणीचा राडारोडा आणून टाकला आहे. तीच रूथ हिमनदी, असे वैमानिक म्हणाला तेव्हा माझी निराशा झाली. हिमनदीचे खालचे टोक असेच दगडांनी झाकलेले असते. वर जाऊ तसे दगड पट्ट्यांत विभागले, पांढरे वाढले, भेगा दिसू लागल्या, आणि त्या पांढऱ्यात ठिकठिकाणी निळी तळी होती. हा निळा रंग मी कोणत्याही साडीत पाहिलेला नाही.

मग आम्ही ग्रेट गॉर्ज या घळीत शिरलो. दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटच्या भिंती बर्फापासून सुमारे पाच हजार फूट वर जातात आणि खाली बर्फाची जाडीही साडेतीन हजार फुटांहून अधिक आहे. तरुणपणी कोकणकड्याच्या काठावर पालथे पडून मी खाली पाहिलेले आहे. येथे कडा खिडकीशेजारून वर जात होता, आणि त्याचा माथा पाहण्यासाठी मला मान काचेला टेकवावी लागली. भिंत फार जवळ आहे असे वाटून मी पुढच्या आसनाची पाठ घट्ट धरली. तेवढ्यात त्या भिंतीसमोरून दुसरे एक विमान गेले. ते माशीएवढे दिसले. भिंत जवळ नव्हती, फार मोठी होती.

घळ संपताच डोंगरांनी वेढलेले एक विस्तीर्ण पांढरे मैदान उघडले. डॉन शेल्डन या टल्कीटनाच्या वैमानिकाने येथे विमाने उतरवण्याची कला विकसित केली. मैदानाला त्याचेच नाव आहे, आणि १९६६ साली त्याने बांधलेली एक छोटी षट्कोनी झोपडी तेथील खडकावर अजून उभी आहे. माझ्या खिडकीतून मी एवढेच पाहिले की स्की हळूहळू चाकाच्या खाली सरकत आहे. ती कशाने सरकते ते पुढे बसलेल्या ह्यांनी पाहिले : वैमानिक एका हाताने विमान चालवत दुसऱ्या हाताने एक दांडा खालीवर हलवत होता, गावाकडच्या हापशासारखा. उतरताना धक्का बसला नाही. फक्त आवाज बदलला, कोरड्या वाळूवरून पाटा ओढावा तसा. विमान चढाच्या दिशेने उतरवतात आणि थांबण्याआधी पूर्ण वळवून तोंड उताराकडे करतात, म्हणजे निघताना उतार मदतीला येतो. संध्याकाळी बर्फ मऊ असते, म्हणून वैमानिक वळण घेताना थांबला नाही. थांबले तर स्की चिकटते.

खाली पंचवीस मिनिटे मिळाली. पंखा थांबल्यावर जी शांतता झाली तिचे वर्णन करण्याच्या भानगडीत मी पडत नाही. थंडी अपेक्षेपेक्षा कमी होती, उन्हात जाकीट काढावेसे वाटले. विमानाभोवती तुडवलेल्या जागेबाहेर जाऊ नये, बर्फाखाली भेगा असू शकतात, असे बजावण्यात आले होते. उत्तरेकडे ढगाचा पडदा निम्मा सरकलेला होता, आणि वैमानिकाने हात ज्या दिशेला केला तेथे मी डोंगर शोधू लागले. सापडेना. ह्यांनी माझी हनुवटी धरून वर केली. मी ज्याला ढग समजत होते त्याच्याही वर शिखर होते. कोयुकोन या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत डेनालीचा अर्थ ‘उंच’ असा आहे, आणि २०२५ च्या जानेवारीत सरकारने पर्वताचे नाव पुन्हा माउंट मॅकिन्ली केले तेव्हा मला प्रथम त्या हनुवटीची आठवण झाली. उद्यानाचे नाव मात्र डेनालीच राहिले आहे.

परतताना बैठक तीच, पण दिशा उलटी असल्यामुळे डावीकडच्यांना घळीची दुसरी भिंत दिसते. त्यामुळे कोणती बाजू चांगली याचा घोळ घालण्याची गरज नाही. उड्डाणाला वैमानिकाने पूर्ण जोर लावला, विमान बराच वेळ बर्फ सोडीना, आणि त्या अर्ध्या मिनिटात मला मार्चमधला अर्ज आठवला, हे मी कबूल करते. पावणेनऊ वाजता, लख्ख उजेडात, आम्ही टल्कीटनाला टेकलो.

खर्चाचा हिशेब असा : दोघांची फेरी व प्रवेशशुल्क मिळून त्या वेळच्या दराने सुमारे ७८ हजार रुपये, त्यावर कार्डाचे परकीय चलनाचे शुल्क वेगळे. रेल्वेचे भाडे एका बाजूला माणशी शंभर डॉलरच्या वर, आणि राहण्याची रात्र दोनशेच्या पुढे. तिसरी रात्र जड वाटली होती. ती नसती तर बुधवारच्या जोडप्याप्रमाणे आम्हीही पैसे परत घेऊन रेल्वेत बसलो असतो.

मोठे बूट परत करताना ह्यांनी काउंटरवरच्या मुलीला सहज विचारले की, आम्हाला शेजारी का बसवले नाही. तिने माझ्याकडे पाहिले, आणि समतोलासाठी कधी कधी असे करावे लागते, एवढेच सांगितले. ह्यांना पुढे बसायला मिळाल्याचा आनंद इतका होता की त्यांनी पुढे चौकशी केली नाही. हा लेख ते वाचणार असल्यामुळे काट्यावरचा खरा आकडा मी येथेही लिहीत नाही.